चारशे अठ्ठ्याण्णव आणि दोन ठिपके

मिस्त्रींनी तेहतीस वर्षांच्या संसारात बायकोला एकदाही 'छान' म्हटलेलं नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, असे नवरे गल्लोगल्ली सापडतील. सापडतील, पण मिस्त्रींची तऱ्हाच वेगळी. भाजी फक्कड जमली तर ते म्हणायचे, "मीठ बरोबर आहे." मिस्त्रीकाकूंनी महिनाभर खपून विणलेला स्वेटर अंगात घातला आणि म्हणाले, "बाही मापात आहे." माणूस वाईट नव्हता हो. अडतीस वर्षं कारखान्यात लेथवर लोखंड कातलं होतं त्यांनी. लोखंड मापात असतं किंवा नसतं. त्याला छान म्हणायची पद्धत नाही.

तर अशा या माणसाच्या तोंडचं पाणी एका गुरुवारी संध्याकाळी पळालं.

काकूंनी पिस्तुलाच्या साठ गोळ्या मारून संपवल्या होत्या. मिस्त्री जेवणाच्या टेबलाशी दिवा ओढून बसले होते. समोर नेमाची भोकं पडलेली बारा कार्डं, हातात भिंग. त्यांनी शेवटच्या कार्डाची बेरीज केली, सगळी मिळून पुन्हा एकदा केली, आणि वहीत लिहिलं, चारशे अठ्ठ्याण्णव. काकूंनी त्यांच्या खांद्यावरून वाकून आकडा वाचला. पिस्तूल पुसलं, पेटीत ठेवलं, दोन्ही कड्या लावल्या.

"शनिवारी क्लबात परत करून येते," त्या म्हणाल्या. "नावही काढून टाकते. पुरे झालं."

"अगं, पण..."

"पण काय? पाच महिने झाले. चारशे सत्त्याण्णव, चारशे नव्व्याण्णव, चारशे अठ्ठ्याण्णव. आता माझा हात याच्या पुढे जायचा नाही. वय झालं त्याचं. मान्य करायला काय लाज?"

आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. मिस्त्री कार्डं उलटी करून बघत राहिले. सातव्या आणि अकराव्या कार्डाच्या पाठीमागे त्यांनी शिसपेन्सिलीनं एकेक बारीक ठिपका काढला होता, अगदी भोकाच्या शेजारी. त्या प्रत्येक ठिपक्याचा अर्थ होता, एक गुण जास्त. म्हणजे काकूंचे आजचे खरे गुण पाचशे होते. बरोब्बर पाचशे. आणि हे साऱ्या जगात एकट्या मिस्त्रींना ठाऊक होतं.

आता हा काय घोटाळा, ते सांगायला हवं.

काकू इस्पितळाच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होत्या. तीस वर्षं रक्ताचे थेंब काचेच्या नळीत मोजून घेतले, एक थेंब इकडचा तिकडे नाही. निवृत्त झाल्या आणि तिसऱ्या आठवड्यात घर खायला उठलं. रस्त्यापलीकडे नेमबाजीचा क्लब होता. एक दिवस भाजी आणायला म्हणून गेल्या आणि भाजीच्या पिशवीसकट तिथं आत शिरल्या. तिथल्या मुलींनी गंमत म्हणून हातात हवेचं पिस्तूल दिलं. काकूंनी हात उचलला तो उचलला, नळीचं टोक हलायला तयार नाही. पहिल्या दिवशी कार्डाला एकच गोळी लागली, तीही पांढऱ्या कोपऱ्यात, पण हात पाहून सगळा क्लब गोळा झाला. घरी आल्या त्या भाजी विसरून.

मिस्त्रींनी नाक मुरडलं. मग टेप घेऊन घर मोजलं. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपासून बोळातून पुढच्या खोलीच्या खिडकीपर्यंत दहा मीटर आणि वर चार बोटं भरली. नेमबाजीला लागतात दहाच. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोळ्या अडवायला जाड पत्र्याची पेटी करून खिडकीखाली ठोकली. सराव सुरू व्हायचा तेव्हा पुढचं दार आतून बंद, कडीला लाल फडकं. फडकं दिसलं की शेजारीपाजारी मागच्या दारानं यायचे.

गोळी म्हणायची आपली, खरं तर साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा. कार्डावर एकात एक वर्तुळं, मधलं दहा गुणांचं, मग नऊ, मग आठ. वर्तुळाच्या रेघेला गोळी नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो. गोची इथंच आहे. गोळी आरपार गेली की कागद पुन्हा थोडा मिटतो, आणि भोक गोळीपेक्षा लहान दिसतं. मग गोळी रेघेला शिवली की नाही, ते कसं कळणार? त्यासाठी गेज असतं. पोलादाची बोटभर काडी, तिला बरोबर गोळीच्या जाडीची कडा. ते भोकात अलगद उभं सोडायचं, भिंगातून बघायचं. कडा रेघेला टेकली तर वरचा गुण, नाही तर खालचा. आणि एका भोकात गेज एकदाच. पुन्हा घातलं तर कागद फाटतो आणि मग भोकाच्या साक्षीला काही किंमत राहत नाही.

गेज विकत मिळतं. पण मिस्त्री आणि विकतचं गेज? "अडतीस वर्षं मी काय माशा मारल्या?" असं म्हणून ते मागच्या खोलीतल्या छोट्या लेथवर बसले. आणि इथं या जगातल्या सगळ्यात काटेकोर माणसानं अशी चूक केली की तुम्हीआम्ही केली नसती. आपण सरळ विचारलं असतं, केवढं करू? मिस्त्री विचारतात होय! त्यांनी काकूंचं एक कार्ड घेतलं आणि त्यातलं भोक मोजलं. लोखंडाला पाडलेलं भोक जेवढं पाडलं तेवढंच राहतं, जन्मभर. कागद मिटतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. भोक भरलं चार मिलिमीटर आणि वर एक दशांश. त्याच मापाचं गेज त्यांनी केलं, आरशासारखं घासलं, आणि काकूंना दिलं.

काकूंनी लॅबच्या सवयीनं त्याच्या डोक्यावर नखांच्या लाल रंगाचा टिपका लावला, हरवू नये म्हणून. मग क्लबात जाऊन सगळ्यांना दाखवलं. तिथं गुण मोजायला एक बाई बसायच्या, त्यांना सगळे मोजणीबाईच म्हणत. त्यांच्या टेबलाशी उभ्या राहून काकू म्हणाल्या, "आमच्या घरचं माप तुमच्यापेक्षा चोख आहे. आमचे हे खोटा गुण देणार नाहीत आणि खरा सोडणार नाहीत." मिस्त्री मागे उभे होते. त्यांची छाती अशी काही फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी होतं.

तीन महिन्यांनी मोजणीबाईंचं गेज त्यांच्या हातात आलं. सहज म्हणून त्यांनी खिशातलं मायक्रोमीटर लावलं. साडेचार. घरी येऊन आपलं मोजलं. चार पूर्णांक एक. आपलं गेज बारीक होतं. रेघेला शिवलेल्या कितीतरी गोळ्यांना ते 'नाही शिवली' म्हणत होतं. दर साठ गोळ्यांमागे एखादा गुण, कधी दोन, कधी तीन.

सांगायचं की नाही सरळ? पण ते धजेनात. आज सांगू, उद्या सांगू करता करता महिना गेला. मग त्यांनी स्वतःचीच समजूत घातली की कडक मापानं हात घट्ट होतो, बरंच आहे. तरीही मनाला टोचणी होतीच. म्हणून ठिपके. गेज भोकात उभं केलं की ते भिंगातून कडा आणि रेघ यांच्यातली फट बघायचे. फट दोन दशांशापेक्षा कमी असेल तर खऱ्या मापाचं गेज टेकलं असतं. मग कार्डाच्या मागे, त्या भोकाशेजारी, एक ठिपका. काकूंनी एकदा विचारलं होतं, "हे काय हो?" मिस्त्री म्हणाले होते, "मोजलेलं लक्षात राहावं म्हणून." अशी ही गोष्ट दोन वर्षं चालली. आणि त्या दोन वर्षांत काकूंनी स्वतःशी पण केला की घरी साठ गोळ्यांत पाचशे झाल्याशिवाय क्लबाच्या ज्येष्ठांच्या संघाचा फॉर्म भरायचा नाही. फॉर्मची मुदत शनिवारी दुपारी बारापर्यंत होती.

गुरुवारी रात्रीची भांडी आवरता आवरता मिस्त्रींनी खडा टाकून पाहिला. "आज एकदोन गोळ्या शंकेच्याच होत्या म्हणा. कदाचित पाचशेसुद्धा असतील."

काकूंनी हातातली ताटली खाली ठेवली. "मला समजवू नका हं. तेहतीस वर्षांत तुम्ही माझं एकदाही खोटं कौतुक केलं नाहीत, म्हणून तर तुमच्या आकड्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवते. आता म्हातारपणी नका सुरू करू."

"पुन्हा मोजून बघू या का?"

"एका भोकात गेज एकदाच. नियम कोणी शिकवला मला?"

झालं. मिस्त्रींचे हात बांधले गेले. ज्या माणसानं कधी छान म्हटलं नाही, त्यानं एकदम 'तुझे दोन गुण वाढले' म्हटलं तर बायको काय समजणार? दया करतोय, असंच ना?

शुक्रवारी सकाळी ते मागच्या खोलीत शिरले ते दुपारीच बाहेर आले. नवं गेज केलं होतं, साडेचार म्हणजे साडेचार, चार वेळा मोजून. बेत मोठा सोपा होता. जुनं खिशात, नवं गेजाच्या डबीत. काकू शेवटची म्हणून एकदा मारतील, पाचशे होतील, फॉर्म भरतील आणि कुणाला काही कळायचं नाही. मिस्त्रींना वाटलं, आपण फार हुशार आहोत. पुरुषांना असं अधूनमधून वाटतं.

"एकदाच," ते म्हणाले. "पेटी परत द्यायच्या आधी शेवटचं एकदा. माझ्यासाठी."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. 'माझ्यासाठी' हा शब्द त्यांनी या तोंडून फारसा ऐकला नव्हता. "बरं," म्हणाल्या, आणि दाराला लाल फडकं लावून आल्या.

काकूंची मारायची एक रीत होती. डावा हात खिशात, दोन पायांत खांद्याएवढं अंतर. नजर कार्डावर नाही, नळीच्या टोकावरच्या काळ्या पट्टीवर. पट्टी स्वच्छ दिसायला हवी, कार्ड धूसर दिसलं तरी चालेल. हे समजायला त्यांना सहा महिने लागले होते. चाप असा हळू दाबायचा की बार कधी उडाला ते आपल्यालाच कळू नये. आणि उडाल्यावरही हात खाली आणायचा नाही, तसाच धरायचा. मग कार्डाकडे न बघता बोलायचं.

"उजवीकडे, जरा खाली. आठ."

मिस्त्री मागच्या स्टुलावर दुर्बीण लावून बसायचे. पाहून म्हणायचे, "हं." चुकलं तर म्हणायचे, "नाही." दोन वर्षं त्या खोलीत या दोघांचं एवढंच बोलणं व्हायचं आणि दोघांनाही ते पुरायचं. कारण कुठं लागली हे जिला न बघता सांगता येतं, तिला आपलं काय चुकलं तेही सांगता येतं. काकूंचे गुण तीनशेवरून इथवर आले ते गुणांकडे बघून नाही, या बोलण्यानं आले.

साठ झाल्या. मिस्त्री दिव्याखाली बसले. शंकेच्या तीन गोळ्या निघाल्या. तिन्ही ठिकाणी नवं गेज रेघेला टेकलं. त्यांनी वहीत लिहिलं, पाचशे एक, आणि चेहरा होईल तेवढा कोरा ठेवून वही पुढे सरकवली.

काकूंनी आकडा वाचला. हसल्या नाहीत. खुर्ची ओढून समोर बसल्या आणि लॅबमध्ये एखाद्या नव्या पोरीला विचारावं तशा आवाजात म्हणाल्या, "शंकेच्या किती?"

"तीन."

"मिळाल्या किती?"

"तीन."

"दोन वर्षं तीनातली एखादी मिळते. आज मी सोडते म्हटलं आणि तिन्ही मिळाल्या?" त्यांनी डबी ओढून घेतली. "आमच्याकडे आकडा एकदम सुधारला की आधी मशीन तपासायचे, पेशंट नंतर." गेज बाहेर काढलं, बोटांत फिरवलं. "माझा लाल टिपका कुठाय?"

मिस्त्रींनी जीभ चावली. अडतीस वर्षं शतांशाचं माप बघणाऱ्या माणसाला एवढा लालभडक टिपका दिसला नव्हता.

"माझ्यासाठी जाडं गेज केलंत?" काकूंचा आवाज चिरका झाला. "मला गुण दान करायला निघालात? तुम्ही? अहो, दुसरं कुणीही असतं ना, तर मला एवढं लागलं नसतं!"

"जाडं नाही गं!"

"मग काय?"

"जुनं बारीक होतं!" मिस्त्री ओरडलेच. आणि एकदा बूच उडाल्यावर सगळं बाहेर आलं. भोक मोजलं होतं ते, कागद मिटतो ते ठाऊक नव्हतं ते, मोजणीबाईंच्या गेजाला मायक्रोमीटर लावलं तो दिवस. खिशातून जुनं गेज काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. लाल टिपका दिव्याखाली चमकत होता.

काकू उठल्या. मायक्रोमीटर आणलं. आधी नवं मोजलं, मग जुनं. मग पुन्हा नवं. लॅबवाल्या बाईला एका आकड्यानं समाधान होत नाही.

"तुम्ही चुकलात?" त्या म्हणाल्या. राग नव्हता अजून, नुसतं नवल. "मापात? तुम्ही?"

"हो."

"आणि कधी कळलं?"

"दोन वर्षं होतील आता."

मग राग आला. आणि असा आला म्हणता! "दोन वर्षं? मी पिस्तुलाची मूठ बदलली. बूट बदलले. हात थरथरतो की काय म्हणून चहा सोडला! चार महिने चहा नाही घेतला मी! तुम्ही माझ्यासमोर बसून फुर्र फुर्र करून पीत होतात आणि मी गरम पाणी पीत होते! तेव्हा तरी सांगायचं होतंत!"

"तेव्हा तर मुळीच धीर झाला नाही," मिस्त्री म्हणाले.

"का पण? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

मिस्त्रींनी टेबलावरची दोन्ही गेजं उगाच एका रेषेत लावली. "तू सगळ्यांसमोर म्हणालीस, आमच्या घरचं माप चोख आहे. मला काय येतं दुसरं? बोलता येत नाही, हसवता येत नाही. माप तेवढं येतं. तेही चुकलं म्हटल्यावर तू माझ्याकडे कशी बघशील, याची भीती वाटली मला. खरंच भीती वाटली गं."

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि आतून भांड्यांचे असे आवाज आले की मिस्त्रींनी मान खाली घातली. थोड्या वेळानं दोन कप चहा घेऊन आल्या. आपला कप त्यांनी काठोकाठ भरला होता. पहिला घोट घेऊन डोळे मिटले.

"चूक ती चूक," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं लपवलीत त्याचं मी काय करायचं ते नंतर बघीन. आधी मला सांगा, ते ठिपके कसले?"

मिस्त्रींनी तेही सांगितलं, तशी काकूंनी कपाटातून जुन्या कार्डांनी भरलेले बुटांचे खोके काढले. प्रत्येक कार्डावर तारीख आणि क्रमांक, लॅबच्या चिठ्ठ्यांसारखा. दोघं जमिनीवर बसून एकेक कार्ड उलटं करू लागली. भोकाशेजारी ठिपका दिसला की काकू म्हणायच्या, "माझा." असे 'माझे' शंभरावर गेले, तशी त्यांनी मोजणी सोडून दिली आणि नुसत्या बघत राहिल्या. दोन वर्षं हा माणूस दिव्याखाली बसून आपली चूक एकेका ठिपक्यानं कबूल करत होता, फक्त मागच्या बाजूला.

मग एक कार्ड त्यांनी थांबून दिव्याजवळ नेलं.

"इथं शंकेची गोळीच नाही. पाचही गोळ्या रेघांपासून लांब. छत्तीस गुण, म्हणजे काही दिवे लावलेले नाहीत मी. आणि ठिपका भोकाशी नाही, कोपऱ्यात आहे. हा कशाचा?"

"असेल. राहिला असेल."

"तुमच्या हातून काही राहत नाही. असे आणखी आहेत. हे बघा, हे एक. हे एक."

मिस्त्रींनी कप तोंडाला लावला. त्यात चहा नव्हता. "त्या दिवशी तू पाच गोळ्या मारल्यास आणि पाचही जिथं बोललीस तिथंच लागल्या होत्या. पहिल्यांदाच. गुण कमी होते, पण तुला प्रत्येक गोळी कळली होती."

"आणि हा?"

"त्या दिवशी तू चौथी गोळी मारलीच नाहीस. हात उचललास, मनासारखं जमेना, तर खाली घेतलास. दोनदा. तिसऱ्यांदा मारलीस. चाप न ओढणं ओढण्यापेक्षा अवघड असतं. मला ते..." ते थांबले. "मला ते बरं वाटलं."

"मग 'हं' म्हणालात?"

"हं म्हणालो. आणि ठिपका काढला."

काकूंनी कोपऱ्यातल्या ठिपक्यांची कार्डं वेगळी काढली. एकोणीस निघाली. ती त्यांनी पत्त्यांसारखी जुळवली, पदरी पडलेलं कुणी हिसकावून नेईल अशी छातीशी धरली, आणि डोळे पुसून म्हणाल्या, "तोंडानं म्हणायला काय झालं होतं? एक शब्द आहे हो. दोन अक्षरं."

मिस्त्रींनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. तेहतीस वर्षांचा गंज असा एका चहावर निघत नाही.

शनिवारी साडेअकराला दोघं मोजणीबाईंच्या टेबलाशी उभी होती. फॉर्ममध्ये एक रकाना होता, घरच्या सरावातले गुण. मिस्त्री हळूच म्हणाले, "पाचशे एक लिही." काकूंनी मान हलवली. कालचे पाचशे एक चोरून बदललेल्या गेजानं मोजलेले, ते त्यांच्या हिशेबी धरायचे नव्हते. त्यांनी गुरुवारचे गुण लिहिले, चारशे अठ्ठ्याण्णव, आणि शेजारी पेन्सिलीनं दोन ठिपके काढले.

"हे काय?" मोजणीबाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"आमच्या घरचं माप आहे," काकू म्हणाल्या. "जरा बारीक होतं. आता नीट केलंय."

संघाची चाचणी दुपारी तीनला होती. बारा जण ओळीनं उभे, साठ गोळ्या, संघात जायला पाचशे लागणार. मागे बाकांवर घरची माणसं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, शांतता राखा. मोजणीबाईंचा दराराच असा की लोक शिंकसुद्धा बाहेर जाऊन देत.

काकूंनी पहिल्या तीन गोळ्या मारल्या. मिस्त्रींची दुर्बीण डोळ्यांना चिकटलेली. नऊ, आठ, आठ. चौथीला काकूंनी हात उचलला. धरला. टोक किंचित डुललं. घड्याळ चालू होतं, शेजारचे भराभर मारत होते. काकूंनी श्वास सोडला आणि चाप न ओढता हात खाली घेतला.

"छान!" मिस्त्री म्हणाले.

नुसते म्हणाले नाहीत, कारखान्यात लेथच्या आवाजावर ओरडायची सवय असलेल्या गळ्यानं म्हणाले. अख्खा हॉल दचकला. दोघांच्या गोळ्या भलतीकडे गेल्या असतील तर देव जाणे. मोजणीबाई उठल्या आणि त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. मिस्त्री कान लाल करून उठले. जाता जाता त्यांनी मागे वळून पाहिलं. काकूंनी पिस्तूल टेबलावर ठेवलं होतं आणि त्यांचे खांदे गदगदा हलत होते. त्या हसत होत्या. हसू थांबेपर्यंत त्यांनी पिस्तुलाला हात लावला नाही, चांगली दोन मिनिटं.

मिस्त्री बाहेरच्या बाकावर बसून राहिले. बंद दारामागे बार उडत होते, पण बारा जणांच्या बारांत आपला कुठला ते कळायला मार्ग नव्हता. त्यांनी खिशातून जुनं गेज काढलं, लाल टिपक्यावर अंगठा फिरवला, पुन्हा खिशात ठेवलं. आपण एका शब्दापायी बायकोची चाचणी घालवली, असं त्यांना वाटू लागलं. तासाभरानं बार थांबले. मग मोजणी झाली, तिला आणखी अर्धा तास. मग दार उघडलं.

काकू बाहेर आल्या. चेहऱ्यावरून ताकास तूर लागू देत नव्हत्या. हातात मोजणीबाईंच्या सहीची गुणांची चिठ्ठी होती. ती त्यांनी मिस्त्रींच्या हातात दिली, पण उलटी. कोरी बाजू वर.

कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं एक ठिपका काढलेला होता.

"हा कशाचा?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुमचा," काकू म्हणाल्या. "हाकलून दिलं ना, तेव्हाचा." आणि त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या.

मिस्त्रींनी ठिपक्यावरून बोट फिरवलं. भिंग असतं तर ते लावून पाहिलं असतं त्यांनी. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

"अहो," काकूंनी शेवटी कोपरानं ढोसलं, "आता सुलटी करून बघा की."

चिठ्ठीवर लिहिलं होतं, पाचशे दोन.

"शंकेच्या किती होत्या?" मिस्त्रींनी नाक ओढत विचारलं.

"एकही नाही," काकू म्हणाल्या. "चला आता घरी, चहा करा. आजपासून तुम्ही करायचा. चार महिन्यांचा बाकी आहे."